डावीकडं कललेला माळढोक

गच्चीवर अकरा उन्हाळे पडून होता नानांचा माग.
माग म्हणावा असं काही उरलं नव्हतं म्हणा:
दोन लाटा, फणीचा हात, चार आडव्या फळ्या,
पावड्यांची जोडी,
आणि एक धोटा, ज्याच्या पोटात मुंग्यांनी संसार मांडलेला.

भंगारवाला म्हणाला, सागवान हाय बे, पण भोकंच भोकं.
किलोनं घेतो.
त्यानं काटा काढला. काटा थरथरून थांबायच्या आत
मी म्हणालो, राहू दे.
का म्हणालो ते मलाही ठाऊक नव्हतं,
बायकोला तर मुळीच नाही.

दारापासून गटारापर्यंत सहा फूट, ही आमची बाग.
तेलाच्या डब्यांत कढीपत्ता, अबोली,
एक कण्हेर, जी कुणाचंच ऐकत नाही,
आणि मधे उघडी जागा; तिथला पेरू
गेल्या मे महिन्यात उभ्या उभ्या जळाला.
तिथं असं काहीतरी हवं होतं
ज्याला पाणी लागणार नाही.
नळ येतो पाचव्या दिवशी.

भार्गवी म्हणाली, माळढोक करा.
शाळेची सहल नान्नजला जाऊन आलेली.
दिसला का गं?
नाही. पाटीवर होता.

तर पाटीवरचा पक्षी, तोही तिला आठवला तसा,
खडूनं फळीवर उतरवला
आणि रविवारी, टॉवेलच्या कारखान्याला सुट्टी धरून,
कापायला बसलो.
लाकडानं जागोजाग खिळे लपवलेले.
एक उपटावा तर दुसरा दात दाखवी.
पातं दोनदा मोडलं.
भुसा पडला, त्याला वास आला खळीचा,
भिजवून पिळलेल्या सुताचा,
पत्र्याखालच्या दुपारचा.
मी थोडा वेळ नुसता बसलो.

मान फणीच्या हाताची. लांब झाली, जरा जास्तच.
धोट्याची चोच करू म्हटलं,
पण तशी चोच घेऊन कुठला पक्षी मान वर करणार?
धोटा मुंग्यांना परत दिला.

रंग उसने. रिक्षांवर नावं घालणाऱ्या इरण्णाकडून
हळदी पिवळा, शटरचा निळा, तळाला गेलेला शेंदरी.
माळढोक निळा असतोय व्हय बे?
तू बघितलायस?
इरण्णा गप्प. वर एक ब्रशही दिला.

ऊन असं की ब्रश उचलायच्या आत रंग वाळतो.
घाई करावी लागते.
त्या घाईत भार्गवीनं पंखावर
चौकडीत फूल काढलं, फुलात चौकडी,
चादरीच्या काठावर असते तशीच.
कुणी शिकवलं नव्हतं तिला.
जन्मापासून पांघरलेलं, एवढंच.

पाय पावड्यांचे.
उभा केला तेव्हा कळलं, गडी डावीकडं कललाय.
टेप लावून बघितलं:
डावी पावडी टोकाला अर्धा बोट झिजलेली.
फरशीचा तुकडा सरकवला खाली.
सरळ झाला.

अम्मा उंबऱ्यात बसलेली, मांडीवर रिकामं सूप.
विड्या सुटून सहा वर्षं झाली,
बोटं अजून वळतच असतात काहीतरी.
एंदिरा इदी? तिनं विचारलं.
पक्षी, म्हटलं.
ती पक्ष्याकडं नाही, त्याच्या पायांकडं बघत राहिली.
मग सूप भिंतीला लावून आत गेली.

सकाळी फरशी तुळशीपाशी. पक्षी कललेला.
पुन्हा ठेवली.
दुसऱ्या दिवशी फरशी टाकीच्या झाकणावर.
कोण हलवतंय गं ही?
केर काढताना पायात येते, अम्मा म्हणाली.
गुडघे गेल्यापासून
अम्मानं झाडू हातात धरलेला नाही.

तिसऱ्या दिवशी मी फरशी ठेवली नाही.

आता येणारे-जाणारे सांगतात,
पडंल की बे त्यो, टेकण दे कायतर.
देतो, म्हणतो मी.

पाचव्या दिवशी नळ येतो. घागरी, बादल्या,
शेवटी पातेलीसुद्धा भरून झाली
की तांब्याच्या तळाशी उरलेलं पाणी
अम्मा त्याच्या पायांवर ओतते,
डाव्यावर जरा जास्त.
लाकूड कुजेल, मी म्हणतो.
ती कण्हेरीसारखीच, ऐकत नाही.