कोणते तांबे?

ती नॉर्वेची. नाव इंगेबोर्ग.
वाडीतल्या बायकांनी दुसऱ्याच दिवशी तिची इंगाबाई केली.
मी तिची दुभाषी.
दिवसाला तीनशे रुपये,
वर दापोलीपर्यंतचं एस.टी.चं तिकीट.

तिची वही दोन्हीकडून सुरू व्हायची.
पुढून हक्क, मागून संस्कृती.
पुढे कायद्याची कलमं, तारखा, तक्रारअर्जांचे नंबर.
मागे घावन, आमसूल,
दारात चपला काढणं, शिमग्याची पालखी.
मधली पानं कोरी.

महिन्याभरात तिने थोडं मराठी उचललं.
पाणी, पुरे, उद्या,
आणि भेटेल त्याला विचारायला एक अख्खं वाक्य:
आडनाव काय तुमचं?
पोस्टमनला विचारलं.
हर्णैच्या लिलावात सुरमईवर बोली लावणाऱ्या बाईला,
आंब्याच्या पेट्या ठोकणाऱ्या पोराला.
हसून, मान जराशी कलती करून,
जसं तिच्यादेखत लोक मला विचारायचे.
तिला वाटलं, नमस्कारानंतरचा हा दुसरा नमस्कार.
वहीत तसं लिहिलंही होतं. मागच्या बाजूने.

मी काही बोलले नाही.
दुभाषाने मध्ये आपलं घालायचं नसतं.

मग आम्ही पाण्याचा अर्ज घेऊन तालुक्याला गेलो.
नळाचा पाइप साकवापर्यंत आला
आणि चार वर्षं तिथेच टेकलाय.
साहेब सज्जन. चहा मागवला.
मला म्हणाले, आडनाव?
तांबे.
त्यांचा चेहरा घरच्यासारखा झाला.
अरे वा! कोणते तांबे?
साकवापलीकडचे, मी म्हटलं.
त्यांनी कप बशीत ठेवला. आवाजसुद्धा झाला नाही.
अर्ज ठेवून जा, म्हणाले.

काय विचारलं त्यांनी?
आडनाव.
आणि मग?
मग पुन्हा आडनाव.

परतीच्या गाडीत ती खाडी दिसेपर्यंत गप्प होती.
मग म्हणाली,
आमचं आडनाव एका शेताचं आहे.
पणजोबा तिथे मजूर होते, शेत दुसऱ्याचं.
मालकाचं आणि मजुराचं आडनाव एकच झालं,
आणि लोक विसरले.
मी विचारलं, मजूरसुद्धा विसरले?
तिला ते माहीत नव्हतं.
मला तिचं तेवढंच उत्तर पटलं.

त्यानंतर तिने कुणाला आडनाव विचारलं नाही.
नाव विचारायची, आणि थांबायची.
लोकांना ते अर्धवट वाटायचं.

शिमग्यात पालखी घराघरांतून नाचत आली,
ढोल, गुलाल, खांद्यांची अदलाबदल,
आणि साकवाशी येऊन वळली.
आम्ही अलीकडे उभे, आमच्या बाजूला.
इंगाबाईने कॅमेरा काढला नाही.
माझ्या बापाला विचारलं, तिच्या त्या मराठीत,
इथे का येत नाही?

बापाने विडी विझवली.
पूर्वी ती येत नव्हती.
आता आमी बोलवत नाय.
दोन्यात फरक हाय.
तो नीट लिव्हून घे म्हणावं तिला.

मी इंग्रजीत सांगून पाहिलं.
एकदा, मग शब्द बदलून पुन्हा एकदा.
दोन्ही वाक्यं एकाच मापाची होऊन बसत होती.
शेवटी तिने माझ्या हातातून पेन घेतलं
आणि बापाचे शब्द त्याच्याच बोलीत उतरवले,
एक वेलांटी चुकवून,
मधल्या पानावर.