कालवं

सहा वर्षं झाली, माझं एक मूत्रपिंड
गूल्वेनच्या पोटात नांदतंय.
क्रिएटिनिनला नावं ठेवायला जागा नाही.

रेनहून परतताना गाडीत म्हणाला,
स्कॅनमध्ये हृदयाच्या धमन्या पांढऱ्या दिसल्या.
डॉक्टरीणबाईंनी पेनाचं टोक टेकवलं: इथे, इथे,
आणि हे इथेही.
"आठ वर्षं मशीननं जगवलं, सोझिग,
आणि जाताना चुना लावला.
तुझ्या देण्यानंही तो धुतला जायचा नाही."

कांकालला ओहोटी होती. ट्रॅक्टर चिखलात उतरलेले.
सवयीनं त्यानं एक कालव उचललं, सुरी फिरवली,
उघडा शिंपला माझ्यापुढे धरला.
स्वतः खात नाही.
कच्चं वर्ज्य, त्या गोळ्यांपायी.

"याला अक्कल आहे," म्हणाला.
"चुना बाहेर ठेवतं, आत मऊ राहतं."

मी खारं पाणी गिळलं.

मग बांधावरून चाललो,
रोजची, नेमून दिलेली तीस मिनिटं,
तो पुढे, मी मागे,
त्याच्या पाठीकडे बघत.
बाविसाव्या मिनिटाला थांबला.
बुटाची नाडी सुटली म्हणाला,
आणि वाकून राहिला बराच वेळ.

पायांत गमबूट होते.