बाकी

रुवीच्या दुकानात मी खजुरांचा भाव विचारत होते,
मागून कुणी म्हणालं, "बाई, पिशवी द्या इकडं."

चेहरा नाही ओळखला.
पिशवी घेऊन पुढं चालू लागला, तेव्हा पाठ ओळखली,
जराशी डावीकडे कललेली:
बुरोंडकर मुश्ताक, सातवी ब, खिडकीजवळचा शेवटचा बाक.
हातचा घ्यायला हमखास विसरायचा.

आता सोहारच्या बंदरात त्याच्या अकरा क्रेन.
गाडीत इतकं गार, की मी पदर कानावरून घेतला;
न विचारताच त्यानं एसी कमी केला.
"भागाकार अजून जमत नाही, बाई.
केरळचा एक माणूस ठेवलाय त्याला."

हसले मी. आणि हसता हसता आठवलं:
मासळीचा वास येतो म्हणून वर्ग ओरडला होता,
आणि मी बाहेर उभं केलं होतं
त्यालाच.

टपरीवर चहा आला, दाट, वेलचीचा.
अकरा क्रेनचा मालक
बशीत ओतून फुरके मारू लागला.
"बाकी काय, बाई?"

समोर काळे डोंगर, एकाला झाड नाही.
"बाकी..." म्हटलं,
आणि माझा चहा
मीही बशीत ओतला.