असलं तर बरं

तार्तूत उणे अठरा.
उर्मास मोजे वाळत घालतो हीटरवर
आणि एक शब्द बदलतो:
'लागतं' खोडून 'असलं तर बरं'.

एवढंच.
एका घड्याळाच्या मागोमाग
दोनशे बारा पॅकेजेस शिरत होती,
बोलावणं एकाला
आणि अख्खी आळी पंगतीला, तशी.

पेलोतासहून जुसारा लिहिते: परत फिरव.
तो लिहितो: जुन्या यंत्रांत जागा नाही.
ती लिहिते: जागा तुझ्या मनात नाही.
सतरा दिवस. बिनपगारी.
कोणीतरी राजीनामा देतं,
जेवून आल्यावर मागे घेतं.

अठराव्या दिवशी ती भांडत नाही.
कळवते फक्त, की तिच्या भावाला दिसत नाही,
काल त्यानं नवी आवृत्ती चढवली
आणि वेळ विचारली.
पंखा फिरत होता, ऐकू येत होतं.
पण बोललं कुणीच नाही.

उर्मास एकटा राहतो.
स्वयंपाकघरात रेडिओ चालूच असतो,
ऐकत नसला तरी.
तो उठून बंद करून बघतो.
थोडा वेळ.

मग मोजे चढवतो, अजून ओलेच,
आणि 'लागतं' लिहितो.
बदलाचं कारण, असं विचारणाऱ्या रकान्यात
कर्सर लुकलुकतोय.