साडेअकरा सेकंद

रिमोटचं बटण दाबलं की
आई आधी चष्मा पुसते,
मग टीपॉयवरची शेंगांची टरफलं गोळा करते,
मग विचारते, "झालं का गं?"
मी घड्याळ लावून मोजलं. साडेअकरा सेकंद.
कोपरखैरण्याच्या आमच्या सिडकोच्या खोलीत
एवढ्यात माणूस घरभर फिरून येतो.

रविवारी बसलेच.
यंत्राची नोंदवही उघडली, ओळ न् ओळ वाचली.
तीन सेकंद पोस्टरं रंगवण्यात,
कधीच न लावलेल्या सिनेमांची.
म्हटलं, जो समोर येईल त्याचंच तोंड आधी धुवा,
बाकीचे थांबतील.
दोन सेकंद फॉन्ट : तमिळ, अरबी, कोरियन,
आईला वाचायचं असतं फक्त 'पुढे'.
एक सेकंद नवी आवृत्ती आली का विचारायला
कुठल्याशा सर्व्हरचं दार ठोठावण्यात.
ते दार गेल्या वर्षीच बंद झालंय.

आणि मग चार सेकंद
नुसतेच.
कुणी काही करत नाही.
खाली एक ओळ, माझ्याच हातची, पाच वर्षांपूर्वीची :
'लग्न' नावाच्या डिस्कची वाट पाहा.

बाबा लग्नांचे व्हिडिओ काढायचे,
घणसोली, तुर्भे, रबाळे,
हळदीनं पिवळी पडलेली कॅमेऱ्याची बॅग.
ते गेल्यावर वाटणी झाली. वाटणी म्हणजे काय,
खोली आईची, डिस्क उमाकांतची,
आणि एक वाक्य,
जे आम्ही दोघांनीही मागे घेतलं नाही.
तो पारसिकच्या डोंगरापलीकडे, कळव्यात.
रिक्षानं गेलं तरी पाऊण तास.

म्हणजे पाच वर्षं, रोज संध्याकाळी
हे डबडं आधी चार सेकंद
माझ्या भावाची वाट बघायचं
आणि मग आम्हाला मालिका लावून द्यायचं.

ओळ पुसायला कर्सर नेला.
चहा गार झाला.
पुसली नाही. उचलून मागे टाकली,
पडद्याआड, वेगळ्या धाग्यावर :
तू बघ हवी तितकी वाट,
बाकीच्यांना खोळंबवू नकोस.

आता दीड सेकंद.
आई म्हणते, "अगं, चष्मा तरी पुसू दे."

आणि नोंदवहीत जिथे यायचं
'डिस्क सापडली नाही'
तिथे मी लिहिलंय
'अजून आलेली नाही'.
त्यानं वेग कमी होत नाही.
मोजून पाहिलं.