शिरोलीतला समुद्र

शिरोलीत समुद्र नाही,
आम्ही तो पेटीत ठेवलाय:
पाच टक्के मीठ, पस्तीस अंश,
रात्रंदिवस धुकं.

पत्रा आत जाण्याआधी मुल्लाणी
सुईनं फुली मारतात,
रंग चिरून थेट पोलादापर्यंत.
"जखम केल्याबिगर कसं कळायचं?"

हे पोलाद ताकदीचं, म्हणून ट्रॉलीचा पत्रा
आता निम्म्या जाडीचा;
ऊस तेवढाच,
गंजाला खायला मात्र थोडंच शिल्लक.
सगळी भिस्त रंगावर.

हजार तास.
झाकण उघडलं, वाफ गेली,
मुल्लाणींनी पट्टी लावली:
फुलीपासून दोन मिलिमीटर. पास.

मग हातमोजा काढून
तीच पट्टी अंगठ्याच्या भेगेवर ठेवली.
"ह्ये बी लिव्ह वहीत."

मी तारीख घातली,
पुढचा रकाना
कोरा ठेवला.