शंभरातलं एक

मिन्स्क, उणे अठरा. तळघरातल्या प्रयोगशाळेत
यादविगा चंचुपात्राला बाहेरून चुंबक लावते:
काळा गाळ सरसर काचेला जाऊन चिकटतो.
म्हणजे कार्बनच्या नळ्यांनी लोह धरलं. या खेपेला तरी.

मग मेण, चिमूटभर भुकटी, साचा.
करंगळीतही न शिरणारी अंगठी.

यंत्रावरची रेघ दहा गिगाहर्ट्झपाशी
विहिरीत पोहरा सुटावा तशी खाली जाते.
वीस डेसिबल.
पाठवलेल्या शंभरातलं एकच परततं.

रिहोर, तिचा बाप, उभी हयात रडारपाशी बसला,
काय परत येतंय ते बघत.

रात्री ती त्याला सांगते.
तो बकव्हीटच्या लापशीत लोणी कालवत राहतो,
कालवतच राहतो,
मग विचारतो,
"ते एक मला दाखवशील?"